बकलाचा तांदूळ

"पहिला नग देवापुढं ठेवायचा, साहेबाला दुसरा द्यायचा," असं अंबिकाबाईंनी दोनदा बजावलं होतं. नृसिंहपंत टोकेकर बायकोचं ऐकणारे गृहस्थ होते, फक्त अर्धं ऐकायचे. त्यांनी पहिला नग देवापुढं ठेवला आणि थोड्या वेळानं तोच उचलून साहेबाला दिला. पुढचं सगळं रामायण या अर्ध्या ऐकण्यामुळं घडलं.

पंत मूळचे नगरच्या कचेरीतले कारकून. तिथले त्यांचे वरिष्ठ म्हणजे हेमचंद्रराव, अंबिकाबाईंचे थोरले बंधू. घरी मेहुणे आणि कचेरीत साहेब, असा दुहेरी जाच सोसता सोसता पंतांचा एक दिवस तोल गेला. "यापुढं कुणाच्या हाताखाली म्हणून राहणार नाही," असं भर कचेरीत जाहीर करून ते घरी आले आणि माळीवाड्यात घराच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड घेऊन त्यांनी कारखाना काढला. कारखान्यात हातानं फिरवायचा एक प्रेस होता, एक भट्टी होती, तारेच्या स्प्रिंगा वळायचं यंत्र होतं आणि शमशेर मिस्त्री होता. यांपैकी चालू स्थितीत बहुधा शमशेरच असायचा, आणि तोही चहा मिळाल्यावर.

हेमचंद्ररावांचं मन मोठं. पंतांच्या जागी त्यांनी दुसरा माणूस नेमू दिला नाही. दर रविवारी बहिणीकडे जेवायला आले की ते न चुकता सांगत, "खुर्ची रोज पुसून ठेवायला सांगितलंय हो, नृसिंहराव. कारखाना बुडाला की लाजू नका. सरळ या." ते गेल्यावर पंत बराच वेळ प्रेसचा दांडा धरून बसायचे. कारखाना बुडाल्याचं दुःख त्यांनी कसंही पचवलं असतं. पण त्या पुसलेल्या खुर्चीवर, मेहुण्याच्या नजरेसमोर, मान खाली घालून पुन्हा बसायचं, हे मात्र त्यांना पचणारं नव्हतं.

अशा वेळी लढाई त्यांच्या मदतीला धावून आली. त्रेचाळीस साल होतं. लढाईनं जगाचं काय व्हायचं ते होवो, नगरात ज्याच्या घरी हातोडी होती त्याला काम मिळालं. भिंगारच्या कॅम्पातल्या कॅप्टन विल्मॉट साहेबाला शिपायांच्या पाण्याच्या बाटलीच्या पट्ट्यासाठी पितळी बकलं हवी होती. मागं बारीकशी स्प्रिंग, अंगठ्यानं दाबलं की सुटायचं. लष्कराचा नियम असा, की आधी एक नमुना द्यायचा. तो मंजूर झाला की त्यावर लाखेची मोहोर बसायची आणि पुढचा सगळा माल तंतोतंत त्या नमुन्यासारखा हवा. तंतोतंत म्हणजे किती, हे पंतांना अजून कळायचं होतं.

मुहूर्तावर प्रेसची पूजा झाली. अंबिकाबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि सढळ हातानं अक्षता टाकल्या. शमशेरनं लोबान जाळून दांड्याला हिरवा धागा बांधला. कुठल्याही बाजूनं उणीव राहायला नको, यावर मालक-मिस्त्रींचं एकमत होतं. पंतांनी साच्यात पितळेची पट्टी ठेवून दांडा फिरवला, प्रेसच्या डोक्यावरचे दोन लोखंडी गोळे गरकन फिरले, धाडकन आवाज झाला आणि पहिलं बकल तयार झालं. ते देवापुढं ठेवून नमस्कार होतो न होतो तोच बाहेर जीपचा भोंगा वाजला. साहेब घाईत होता. दुसरा नग काढेपर्यंत तो थांबला नसता. देवाच्या पायावरून आलेल्या नगाइतका शुभ नग कुठला असणार, असा विचार करून पंतांनी घाईघाईनं त्याला स्प्रिंग बसवली आणि साहेबाच्या हातात ठेवला. साहेबानं तिथंच मोहोर केली.

पुढं खोके भरभरून माल कॅम्पात गेला, आणि तसाच परत आला. मागोमाग पंतांना बोलावणं आलं.

कॅप्टन विल्मॉट टेबलाशी भिंग घेऊन बसला होता. बोलणं इंग्रजीत झालं. पंतांचं इंग्रजी कचेरीतलं, म्हणजे त्यात विनंत्या फार आणि क्रियापदं कमी.

"मिस्टर टोकेकर, नमुन्यावर ही खूण आहे. तुमच्या मालावर एकाही बकलाला नाही."

पंतांनी भिंगातून पाहिलं. बकलाच्या वरच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढा, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट खळगा होता. तो हुबेहूब तसा असण्याचं कारण पंतांच्या लगेच ध्यानात आलं. पूजेची एक अक्षत साच्यात राहिली होती. दाबाखाली तिचा चुरा झाला असेल, पण त्याआधी ती भट्टीत तावलेल्या मऊ पितळेवर आपला ठसा उमटवून गेली होती.

आता खरं सांगावं तर नमुनाच सदोष ठरणार. सदोष नमुना म्हणजे मंजुरी रद्द, मंजुरी रद्द म्हणजे काम पुण्याच्या एखाद्या बड्या कारखान्याला, आणि पंतांना ती खुर्ची. पंतांच्या डोळ्यांपुढं खुर्ची पुसणारा पट्टेवाला उभा राहिला. आयुष्यात त्यांना इतकं सफाईदार इंग्रजी कधी सुचलं नव्हतं.

"सर, ही अंगठ्याची जागा. रात्री काळोखात शिपायाला दिवा लावता येत नाही. अंगठा खळग्यात बसला की बकल सुलटं आहे हे कळतं."

कॅप्टननं डोळे मिटले, आणि बकलावरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. "विलक्षण!" तो म्हणाला. "मग मालावर ही खूण का नाही?"

"घाईत राहिली, सर. पुढच्या खेपेला सगळ्यांवर येईल."

पंत परत आले ते घाम पुसतच. शमशेरनं सगळं ऐकून घेतलं आणि बिडी विझवली.

"म्हंजी आता दर बकलाला एक एक खड्डा पाडायचा?"

"हो."

"साच्यातच एक बारीक टेंगूळ बसवू का?"

"जमेल?"

शमशेरनं साचा उलटसुलट करून पाहिला. "न्हाई. टेंगळासाठी छिद्र पाडाया जाईन तर साचा तडकंल. त्याला पक्कं पाणी दिल्यालं हाय. तडकला तर लढाई संपंस्तवर दुसरा मिळायचा न्हाई."

मग पर्याय शोधणं सुरू झालं. लोखंडाचा कण ठेवून पाहिला, तर पितळ राहिलं बाजूला, साच्यालाच ओरखडा आला. शिशाचा कण चपटा होऊन चिकटून बसला. नगर जिल्ह्यात ज्वारीला तोटा नाही म्हणून ज्वारी ठेवली, तर गोल खळगा पडला आणि बकलाला देवी आल्यासारखं दिसू लागलं. गव्हानं खळगा लांबट पडला, पण मधोमध रेघ आली. शेवटी शमशेरनं हात झटकले. "पंत, तांदळाला तांदूळच पायजे."

तांदूळ! त्या साली नगरात सोनं मागितलं असतं तर सराफानं निदान दाखवलं तरी असतं. रेशनवर महिन्यातून कधीतरी मिळायची ती लालसर कणी, आणि तुटक्या कणीनं खळगाही तुटका पडायचा. घरात अंबिकाबाईंनी सणासुदीसाठी आंबेमोहराचा एक डबा माळ्यावर दडवून ठेवला होता. पंतांनी तो मागितला तेव्हा त्यांना आधी नवऱ्याला ताप आला असं वाटलं.

"प्रेसमध्ये घालणार? माझा आंबेमोहर?"

"अगं, लढाईसाठी."

"लढाईला भूक लागलीये का एवढी? तुम्हाला सांगितलं होतं, पहिला नग देवापुढं ठेवा."

"ठेवला होता ना!"

"परत उचला म्हणून कुणी सांगितलं होतं?"

पंतांनी डबा उचलला. त्या दिवसापासून टोकेकरांच्या घरी भात शिजायचा बंद झाला आणि कारखान्यात कुटायला सुरुवात झाली. शमशेर डाव्या हातानं चिमटीत एक दाणा ठेवायचा आणि उजव्या हातानं दांडा फिरवायचा. माल कॅम्पात गेला आणि पासही झाला. कॅप्टननं शाबासकी तर दिलीच, वर आणखी मोठी मागणी नोंदवली. पंतांना आनंद करावा की रडावं हे कळेना, कारण डबा संपत आला होता.

शेजारच्या भागूबाईचं माहेर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात, राजूरजवळ. तिकडं भात पिकायचा, पण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात धान्य न्यायला सरकारची बंदी होती. भागूबाईनं बंदीचा फार बाऊ केला नाही. माहेरी बाळंतीण आहे, माहेरी लग्न आहे, माहेरी कुणी गेलं, अशा निमित्तांनी ती सर्व्हिस मोटारीनं जायची आणि येताना गोधडीत तांदूळ शिवून आणायची. गोधडी जाताना एक माणूस सहज उचलायचा, येताना दोघं लागायचे. आणलेले तांदूळ ती आणि आणखी दोघी बायका शेडमध्ये बसून निवडायच्या. खडे काढायचे ते नेहमीचंच, पण इथं तुटका, वाकडा, बारीक दाणाही बाजूला काढायचा.

"एवढं निवडून तर मी माझ्या लेकीला नवरा न्हाई बगितला," भागूबाई म्हणायची.

इथवर सगळं सांभाळून घेता आलं असतं. पण अंबिकाबाईंना नासाडी बघवत नव्हती. प्रेसखाली रोज तांदळाचं पीठ पडायचं. शमशेर घरी निघाला की गिरणीवाल्यासारखा पांढरा दिसायचा. अंबिकाबाई ते पीठ कुंच्यानं गोळा करायच्या, तीनतीनदा चाळायच्या, आणि एका रविवारी त्यांनी भावाच्या मायेपोटी त्याची घावनं केली.

हेमचंद्रराव किती महिने बहिणीकडे ज्वारीची भाकरी खात होते. पांढरंशुभ्र घावन पाहून त्यांचे डोळे पाणावले. पहिलं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याच्या अर्ध्यावर त्यांच्या दाताखाली कट्ट झालं. त्यांनी तोंडातून पितळेची बारीक कपची काढली, उजेडात धरली आणि मग त्यांच्यातला भाऊ मागं सरून अंमलदार पुढं आला. दुर्दैवानं त्यांच्याकडं नुकतंच धान्यपुरवठ्याचं काम आलं होतं.

"अंबे, हे पीठ तांदळाचं."

"हो, दादा."

"तांदूळ कुठून आला?"

अंबिकाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं ताटाकडं पाहिलं. हेमचंद्ररावांनी राहिलेलं अर्धं घावन आधी संपवलं आणि मगच ते रागावून उठले.

दुसऱ्या दिवशी ते दोन शिपाई घेऊन शेडच्या दारात हजर झाले. आत भागूबाई आणि मंडळी सुपं घेऊन बसली होती, डबे उघडे होते, शमशेरच्या चिमटीत दाणा होता. चोरी पकडायला गेल्यावर चोरानं इतकं शिस्तीत काम मांडून ठेवलेलं हेमचंद्ररावांनी कधी पाहिलं नव्हतं.

"कुणी दाण्याला हात लावायचा नाही!" ते कडाडले. "नृसिंहराव, हे तांदूळ कशासाठी?"

"बकलांसाठी," पंत म्हणाले. खरं बोलताना माणूस किती खोटा दिसतो, हे त्यांना तेव्हा समजलं.

"बकलं तांदूळ खातात?"

"खात्यात की!" भागूबाई मधेच म्हणाली. "तासाला वंजळभर खात्यात. तवा कुटं साहेबाला पसंत पडत्यात."

"बाई, सरकारी कामात थट्टा चालणार नाही. माल जप्त. शेडला टाळं." मग आवाज खाली आणून, पंतांच्या खांद्यावर हात ठेवून, हेमचंद्रराव मायेनं म्हणाले, "घाबरू नका. घरातली गोष्ट आहे. उद्या सकाळी कचेरीत या, खुर्चीवर बसा, म्हणजे खटल्याचं मी बघून घेईन. खुर्ची पुसलेलीच आहे."

पंत दोन पावलं मागं सरले. तुरुंग परवडला, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात बाहेर जीप थांबली. कॅप्टन विल्मॉट स्वतः आत आला. त्याच्या वरच्या साहेबानं म्हणे विचारलं होतं, की ही अंगठ्याची खूण पाडतात तरी कशी, आणि कॅप्टनला ते सांगता आलं नव्हतं. म्हणून तो बघायला आला होता.

बघायला सगळं समोरच होतं. सुपं, डबे, पीठ आणि चिमटीत दाणा धरून उभा असलेला शमशेर.

"हे काय आहे?" कॅप्टननं विचारलं.

एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला साहेब. पंतांना आता थाप सुचेना. खरं म्हणजे थापेचा कंटाळाच आला होता. त्यांनी साहेबाच्या कानाशी लागून एका दमात सगळं सांगून टाकलं. पूजा, अक्षत, देवापुढचा नग, सगळं. "अंगठ्याचं मी बनवून सांगितलं, सर. तो नुसता तांदूळ आहे."

कॅप्टन आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यानं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर हेमचंद्ररावांनी शमशेरला समाधानानं सांगितलं, "संपलं आता नृसिंहरावांचं."

आत कॅप्टन पिठानं माखलेल्या स्टुलावर बसला होता. "आणखी कुणाला ठाऊक आहे हे?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"माझी बायको आणि मिस्त्री, दोघं घरचेच. निवडणाऱ्या बायकांना खुणेचं काही ठाऊक नाही. त्यांना वाटतं, साहेब लोकांची हौस असेल."

"त्यांना तसंच वाटू द्या." कॅप्टननं कपाळ पुसलं. "मिस्टर टोकेकर, अंगठ्याची कल्पना माझी, असं मी ब्रिगेडियरला सांगितलं आहे."

"काय?"

"आणि ब्रिगेडियरनं दिल्लीत सांगितलं आहे, की ती त्यांची. दिल्लीला ती फार आवडली. आता तिथंही ती कुणाची तरी झाली असेल. मला पुढच्या महिन्यात बढती आहे." त्यानं बाहीवरचं पीठ झटकलं. "हे काम आता दुसऱ्या कारखान्याला देता येणार नाही. दिलं तर तांदळाचं सांगावं लागेल. लढाई संपेपर्यंत बकलं तुम्हीच करायची. आणि तोंड बंद."

पंतांना क्षणभर राग आला. थाप त्यांची, त्यांनी घाम गाळून मारलेली, आणि ती वापरून बढत्या भलतेच घेत होते! पण दाराच्या फटीतून हेमचंद्रराव टाळं हातात घेऊन उभे असलेले दिसले आणि त्यांचा राग निवला.

"पण सर, तांदूळ? ते बाहेरचे गृहस्थ जप्त करायला आलेत."

कॅप्टननं दार उघडलं. "हा तांदूळ नाही," त्यानं हेमचंद्ररावांना सांगितलं. "हा लष्करी सरंजामाचा भाग आहे, आणि यापुढं तो कॅम्पातून येईल. याला हात लावणारा लष्कराच्या कामात अडथळा आणतो असं समजलं जाईल."

हेमचंद्ररावांची सारी हयात नोकरीत गेली होती. समोरचा पदार्थ तांदूळ आहे की नाही, हे ठरवणं साहेबाचं काम असतं, यात त्यांना कधीच शंका नव्हती. "जी सर," ते म्हणाले. "मला आधीच तो तांदूळ वाटत नव्हता." आणि टाळं खिशात घालून ते शिपायांसकट निघून गेले. त्या संध्याकाळी पट्टेवाल्यानं खुर्ची पुसली नाही.

पंतांनी दोन्ही हात छातीवर बांधून आपल्या शेडकडं पाहिलं. कारखाना वाचला होता. आता त्यांच्यावर मेहुणा नव्हता, कचेरी नव्हती, कुणी नव्हतं. त्या आनंदात ते घरी गेले आणि अंबिकाबाईंना म्हणाले, "आता तांदळाची ददात मिटली! कॅम्पातून पोती येणार आहेत. उद्या भात टाक."

पोती आली. लांबसडक, पांढरेशुभ्र, अख्खे दाणे. असा तांदूळ नगरात लढाईआधीही कुणी पाहिला नव्हता. पोत्यांबरोबर बंदूक घेतलेला एक शिपाईही आला आणि शेडच्या दारात उभा राहिला. लष्करी मालाला पहारा हवाच. शिपाई भला माणूस होता, पण हुकमाचा पक्का. त्यानं शेडमधलं जेवढं म्हणून तांदळासारखं दिसलं तेवढं पहाऱ्याखाली घेतलं. त्यात अंबिकाबाईंचा आंबेमोहराचा डबाही गेला, तळाशी राहिलेल्या चार मुठींसकट.

अंबिकाबाई स्वतः पदर खोचून दारात गेल्या. "बाबा रे, तो डबा माझा आहे. माझ्या घरातला."

"नहीं, माताजी," शिपाई नम्रपणे म्हणाला. "ये बकल का माल है."

पिठालाही पहारा बसला. प्रेसखालचं पीठ रोज एका डब्यात भरून कॅम्पात जाऊ लागलं. तिथं त्याचं काय करतात हे विचारायची सोय नव्हती. भागूबाईच्या गोधडीचं काम संपलं, तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं. शमशेरला काम सुटल्यावर हातपाय झटकून, टोपी उलटी करून दाखवावी लागे. आणि टोकेकरांच्या घरी, पोत्यांपासून भिंतीपलीकडं, रोज ज्वारीची भाकरी होत राहिली. पंत ती मुकाट्यानं खात. तक्रार करायची तर कुणाकडं, मालक तेच होते.

एक दिवस कचेरी सुटल्यावर हेमचंद्रराव छत्री काखेत घेऊन माळीवाड्यातून चालले होते. कारखान्याच्या दारात त्यांना नृसिंहपंत दिसले. दोन्ही हात वर करून उभे होते, आणि शिपाई कंदील जवळ धरून त्यांचा सदरा झाडत होता.

"काय चाललंय, नृसिंहराव?"

"काही नाही," पंत हात तसेच वर ठेवून ऐटीत म्हणाले. "स्वतःचा कारखाना म्हटला की निघायला जरा उशीर होतोच."

शिपायानं त्यांच्या धोतराच्या काच्यातून एक दाणा काढला, तो अख्खा असल्याची कंदिलापुढं खात्री करून घेतली, जपून डब्यात टाकला आणि म्हणाला, "पीछे मुड़."

पंत मुडले.